दीड हजार फुटांवरून ताकामात्सु

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळात, जपान म्हटलं की बहुतेक जण आधी टोकियोवर जातात, नाहीतर सरळ फुजीला प्रदक्षिणा घालतात. ते छानच आहे, पण माझं ऐकाल तर एकदा विमान ताकामात्सुला नेऊन उभं करा. शिकोकू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे शहर, कागावा प्रीफेक्चरचं (म्हणजे जपानमधल्या प्रांताचं) मुख्य ठिकाण, समोर सेतोचा अंतर्गत समुद्र आणि त्यात नजर जाईल तिथपर्यंत बेटंच बेटं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरचा पहिला वर्ल्ड अपडेट सप्टेंबर २०२० मध्ये आला तो जपानचाच होता, आणि त्यात ज्या सहा शहरांना फोटोग्रामेट्री मिळाली त्यात टोकियो, योकोहामासोबत ताकामात्सुचं पण नाव होतं. म्हणजे इथली घरं, रस्ते, बंदर सगळं खऱ्या हवाई फोटोंवरून उभं केलेलं आहे, कॉम्प्युटरने अंदाजाने टाकलेले ठोकळे नाहीत.

पण मी इथे परत परत जाते ते नुसत्या ग्राफिक्ससाठी नाही. या एवढ्याशा तुकड्यात खाली जे जे दिसतं ना, त्या प्रत्येकाला काहीतरी कारण आहे, आणि ते कारण बरेचदा पाण्याशी जाऊन भिडतं. मी उडता उडता पॉज करते, खाली काय आहे ते वाचते, आणि परत थ्रॉटल पुढे करते. असं केलं की तेच दृश्य दुसऱ्यांदा बघताना वेगळंच दिसायला लागतं.

विमान साधं घ्या, सेस्ना १७२ पुरे, पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खालचं सगळं नीट दिसतं. नव्वद-पंचाण्णव नॉट स्पीड, ट्रिम (हात न लावता विमान सरळ पातळीत ठेवायची सोय) नीट लावायचं, ऑटोपायलट बंद, नकाशा बंद, किनारा धरून जायचं. जेट घेतलंत तर ही बेटं नीट बघायच्या आत मागे पडतील. वेळ सकाळची नऊच्या आसपासची ठेवा म्हणजे टेकड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि उठाव कळतो. उंची दीड हजार फूट. हा आकडा मी उगाच नाही सांगत, जपानमध्ये वस्तीवरून उडताना ६०० मीटरच्या परिघातल्या सगळ्यात उंच अडथळ्याच्या वर निदान ३०० मीटर राहावं लागतं, आणि ताकामात्सुच्या बंदराजवळचा सिम्बॉल टॉवर आहे १५१ मीटरचा, म्हणजे बेरीज करा, साधारण १,४८० फूट होतात. सिम्युलेटरमध्ये कोणी अडवणार नाही हे खरं, पण खरा पायलट जे बघतो तेच बघायचं असेल तर त्याच्याच उंचीवरून बघावं असं मला मनापासून वाटतं.

विमानतळ शहरात नाहीये. शहराच्या दक्षिणेला डोंगराच्या अंगाला जागा सपाट करून तो बांधलाय, समुद्रसपाटीपासून सुमारे १८५ मीटर वर, १९८९ मध्ये सुरू झाला, रनवे अडीच हजार मीटरचा. याचा फायदा असा की चाकं सुटली की तुम्ही आधीच सहाशे फुटांवर असता, आणखी नऊशे चढायचं फक्त, आणि उत्तरेकडे वळलात की जमीन तुमच्याखालून आपोआप उतरत जाते आणि समोर समुद्र वर येतो.

आणि इथेच पहिली गोष्ट दिसते, ती म्हणजे तळी. एक नाही दोन नाही, शेतांच्या मधे, घरांच्या मागे, शाळेच्या मैदानाला लागून, जिथे बघाल तिथे तळी, काही चौकोनी, काही वेडीवाकडी, एका बाजूला सरळ मातीचा बांध आणि बाकी तीन बाजूंनी जमिनीच्या उताराने ठरवलेला आकार. कागावा हे क्षेत्रफळाने जपानचं सगळ्यात लहान प्रीफेक्चर आणि तिथे अशी बारा हजारांहून जास्त तळी आहेत! सगळी माणसांनी बांधलेली, शेतीसाठी.

मला आधी प्रश्न पडला होता की समोर एवढा समुद्र, जपानसारखा पावसाळी देश, मग एवढी साठवण कशाला? उत्तर नकाशा थोडा लांब केला की कळतं. उत्तरेला होन्शू या जपानच्या मुख्य बेटावरचे चुगोकू डोंगर, दक्षिणेला शिकोकूचे डोंगर, हिवाळ्यातले ओले वारे आपलं बर्फ जपान समुद्राच्या बाजूला टाकून मोकळे होतात, उन्हाळ्यातला पाऊस प्रशांत महासागराच्या बाजूला पडतो, आणि मधल्या पट्ट्याच्या वाट्याला जे उरेल ते येतं. त्यात इथल्या नद्या आखूड, डोंगरातून निघाल्या की लगेच समुद्रात. म्हणून पाणी अडवा, नाहीतर भात विसरा. सिम्युलेटरमध्ये हे तपासता पण येतं, विमानतळावरून दक्षिणेकडे जाऊन चार हजार फूट चढलात की शिकोकूची डोंगरांची भिंत समोर उभी राहते, मागे वळून बघितलं तर समुद्रापलीकडे दुसरी भिंत, आणि मधे हा सपाट सानुकी प्रांत (कागावाचं जुनं नाव) तळी सांभाळत बसलेला.

वेळ असेल तर नैऋत्येला मान्नो-इके हे तळं पण बघून या. हे सगळ्यात मोठं, काठाने फिरायचं तर वीसेक किलोमीटर होतात. आठव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं, मग फुटलं, आणि सन ८२१ मध्ये ते दुरुस्त करायला कूकाई आला, तोच बौद्ध भिक्षू ज्याला लोक कोबो दाइशी म्हणतात, याच प्रांतात जन्मलेला. बाराशे वर्षांपूर्वीचं काम, आणि आजही शेताला तिथूनच पाणी जातं. वरून बांध शोधायचा, तळ्याचा आकार इतका फाटे फुटलेला आहे की आधी नुसती दरीच वाटते, आणि मग उत्तरेच्या टोकाला ती एक आखूड रेघ दिसते जिने ही सगळी दरी अडवून धरलीय. १९७० च्या दशकात डोंगरापलीकडच्या योशिनो नदीचं पाणी कालव्याने या बाजूला आणलं, तरीसुद्धा १९९४ च्या दुष्काळात ताकामात्सुच्या नळांना ठरावीक तासच पाणी यायचं. समुद्रकाठचं शहर, लक्षात घ्या.

असो, शहराकडे येऊ. पश्चिमेच्या बाजूला शिउन नावाचा झाडीने भरलेला डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याला चिकटून रित्सुरिन बाग. वरून बघताना ही बाग आणि डोंगर वेगळे काढताच येत नाहीत, आणि बाग बनवणाऱ्यांना तेच हवं होतं, डोंगर पण बागेचाच भाग म्हणून धरलाय. शंभरहून जास्त वर्षं काम चालून १७४५ मध्ये ती पुरी झाली. तिथे फोटोग्रामेट्रीची मर्यादा पण कळते, निगुतीने छाटलेली पाइनची झाडं जवळून नुसते हिरवे गोळे दिसतात, तळ्यांवरचे लाकडी पूल अर्धे वितळल्यासारखे. म्हणून फार खाली जाऊ नका, हजार फुटांच्या खाली गेलं की चित्र बिघडतं.

सरळ उत्तरेला बंदरापाशी किल्ल्याची जागा आहे. मुख्य बुरूज आता नाही, पण खंदक आहेत, आणि त्यांत समुद्राचं पाणी आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटी किल्ला बांधला तेव्हा समुद्राचाच एक भाग आत घेतला होता. आजही त्या खंदकात समुद्रातले मासे पोहतात. बंदर, फेरीचे धक्के, रेल्वे स्टेशन आणि किल्ला हे सगळं एकमेकांना इतकं खेटून आहे की डावा पंख खाली करून एक गोल चक्कर मारली की सगळं त्यात बसतं.

तिथून पूर्वेला वळलं की याशिमा. हा डोंगर बघून पहिल्यांदा वाटतं की सिम्युलेटरच्या डेटात गडबड आहे, कारण माथा एकदम सपाट, सुरीने कापल्यासारखा! पण तो खरंच तसा आहे. खाली ग्रॅनाइट, वर जुन्या लाव्हाचा कडक थर, आजूबाजूचं सगळं झिजून गेलं आणि जिथे टोपी घट्ट होती तेवढं उभं राहिलं. उंची जेमतेम २९० मीटर, पण समुद्रातून थेट वर आल्यामुळे भारदस्त वाटतो. आता तो जमिनीला जोडलेला दिसतो पण पूर्वी बेट होतं, मधला उथळ समुद्र भरून मिठागरं केली गेली, आणि नीट बघाल तर डोंगराच्या दक्षिणेला अजून एक बारीक पाण्याची पट्टी आहे. ती आइबिकी नदी, जुन्या खाडीचं उरलेलं.

११८५ च्या लढाईत ताइरा घराण्याचं ठाणं इथे होतं. त्यांच्याकडे जहाजं, त्यांचं लक्ष समुद्राकडे, आणि त्यांच्या शत्रू घराण्याचा सेनापती मिनामोतो योशित्सुने आला तो जमिनीच्या बाजूने, शिकोकूच्या पूर्व किनाऱ्यावर उतरून डोंगर ओलांडून, पाठीमागून. हे पुस्तकात वाचलं की नुसतं डावपेच वाटतं, पण याशिमावर दक्षिणेकडून, म्हणजे त्याच्याच दिशेने विमान घेऊन या, आणि बघा की डोंगराच्या आडोशाची पूर्वेची खाडी, जिथे जहाजं उभी राहतील, ती या बाजूने किती उघडी पडते. त्या खाडीच्या पलीकडे गोकेन नावाचा डोंगर आहे, त्याच्या अंगावर पांढरे ओरखडे दिसतील, त्या ‘आजी’ नावाच्या दगडाच्या खाणी. हा ग्रॅनाइट जपानमध्ये फार मानाचा.

याशिमाच्या ईशान्येला, किनाऱ्यापासून अगदी जवळ, एक लहान बेट आहे, ओशिमा. दिसायला काही विशेष नाही, थोडी झाडी, मधे ओळीने इमारती. इथे १९०९ पासून कुष्ठरोग्यांना आणून ठेवायचे. रोग बरा करणारी औषधं आल्यावरही कायदा तसाच राहिला, आणि सक्तीने वेगळं ठेवण्याचा तो कायदा रद्द झाला १९९६ मध्ये. मी इथे मुद्दाम एक चक्कर घेते. बेटावरून दक्षिणेकडे बघितलं की याशिमा समोर, त्यामागे शहराच्या इमारती, सगळं हाताच्या अंतरावर, आणि माणसं तिथे पूर्ण आयुष्य काढून गेली. विमानाला हे अंतर कापायला किती लागतं ते बघा आणि मग त्याचा विचार करा. माझ्यासाठी या अख्ख्या रूटमधली ही सगळ्यात जड जागा आहे, आणि ती टाळून पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

शोदोशिमा हे बेट मोठं आहे, त्यावर थोडक्यात सांगते. होशिगाजो शिखर ८१६ मीटरचं, सेतो समुद्रातल्या बेटांवरचं सर्वात उंच, म्हणजे इथे दीड हजार फूट चालणार नाही, तीन हजारच्या वर जा. कान्काकेइची दरी शरद ऋतूत खरी प्रसिद्ध आहे. दक्षिण किनाऱ्यावर ऑलिव्हच्या बागा, १९०८ मध्ये इथे ऑलिव्ह लावून बघितला आणि तो रुजला, परत तेच कारण, कमी पाऊस, भरपूर ऊन. तोनोशो गावाजवळ ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा रस्ता आहे पण सिम्युलेटरमध्ये भरती-ओहोटी नसते, फोटो काढला त्या क्षणी जे होतं तेच कायमचं.

आता पश्चिमेला वळा, तेशिमा आणि नाओशिमा. ही दोन बेटं आज कलेसाठी जगभर माहीत आहेत. तेशिमाच्या उत्तर-पूर्व उतारावर भाताच्या पायऱ्या दिसतील आणि त्यांच्या कडेला एक पांढरा, थेंबासारखा आकार. ते तेशिमा आर्ट म्युझियम, २०१० चं, वास्तुकार र्यूए निशिझावा आणि कलाकार रेइ नाइतो यांचं. काँक्रीटचं एकच कवच, आत एकही खांब नाही, वर दोन मोठी उघडी भोकं ज्यांतून पाऊस-वारा आत येतो आणि जमिनीतून पाण्याचे थेंब वर येऊन घरंगळतात. विमानातून तुम्हाला ती दोन भोकंच दिसणार, आणि मला ते फार आवडतं, कारण आत उभा राहिलेला माणूस ज्यातून आभाळ बघतो तीच भोकं आपण आभाळातून बघत असतो.

पण तेशिमाचं पश्चिम टोक पण बघा. तिथे १९७० च्या दशकापासून कारखान्यांचा विषारी कचरा बेकायदा आणून टाकला गेला, जाळला गेला. १९९० मध्ये पोलिसांनी धाड घातली, गावकरी पुढे दहा वर्षं भांडले, २००० मध्ये समझोता झाला आणि नऊ लाख टनांहून जास्त कचरा आणि माती खणून काढून शेजारच्या नाओशिमाला नेऊन प्रक्रिया केली गेली. ही मुख्य वाहतूक संपली २०१७ मध्ये. नाओशिमालाच का, तर तिथे उत्तरेच्या टोकाला १९१७ पासून तांब्याचा धातू गाळणारा कारखाना आहे. वरून नाओशिमाचे दोन भाग स्पष्ट वेगळे दिसतात, उत्तरेला चिमण्या, टाक्या, धक्के आणि विरळ डोंगर, दक्षिणेला गर्द झाडी आणि त्यात लपलेली म्युझियम. वास्तुकार तादाओ आंदोचं चिचू म्युझियम २००४ चं, जवळजवळ सगळं जमिनीच्या पोटात, बाहेर फक्त काँक्रीटच्या चौकटी, चौकोन आणि एक त्रिकोण. टेकडीच्या माथ्यावर ते आकार शोधायला मजा येते, उजवीकडे हलकं वळण ठेवून हळू फिरा म्हणजे सापडतील. दक्षिणेकडे वळताना मेगिजिमा आणि ओगिजिमा ही लहान बेटं दिसतील, ओगिजिमावर घरं उतारावर एकावर एक चढलेली, कारण सपाट जागाच नाही.

नाओशिमापासून पश्चिमेला काही मिनिटांत सेतो ओहाशी. पूल म्हणायचं एकच पण आहेत सहा, पाच बेटांवर पाय ठेवत जाणारे, तीन झुलते, दोन केबल-स्टेड (टॉवरवरून तिरप्या ताणलेल्या तारांनी पेललेले), एक ट्रस (त्रिकोणी सांगाड्याचा). समुद्रावरचा भाग साडेनऊ किलोमीटरच्या आसपास, रस्त्यासकट मोजलं तर १३ च्या वर. वरच्या मजल्यावर एक्सप्रेसवे, खालच्या मजल्यावर रेल्वे. १९७८ ला काम सुरू झालं, १० एप्रिल १९८८ ला उघडला. उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं आणि पुलाच्या पश्चिमेला राहायचं, म्हणजे पूल तुमच्या डाव्या खिडकीत येतो आणि तुम्ही बसता पण डावीकडेच. उंच टॉवर १९४ मीटर आहे, म्हणजे साडेसहाशे फुटांच्या आत, त्यामुळे हजार फुटांवर उतरलात तरी अंतर राहतं आणि टॉवर डोळ्यांसमोर येतात. मधे योशिमा बेटावर गाड्या उतरायला गोल फिरत जाणारा रस्ता आहे तो चुकवू नका. केबलच्या बारकाव्यांची अपेक्षा ठेवू नका, मांडणी बघा, बेटं कशी निवडली, कुठे जहाजांना रुंद वाट हवी म्हणून झुलता पूल आणि कुठे अंतर कमी म्हणून दुसरा प्रकार.

आणि हा पूल का, ते पण बघता येतं. पूल व्हायच्या आधी होन्शूवरच्या उनो बंदरातून ताकामात्सुला रेल्वेच्या फेरी चालायच्या, डबेच्या डबे बोटीत घालून. ११ मे १९५५ ला सकाळी दाट धुक्यात शिउन मारू ही फेरी दुसऱ्या रेल्वे फेरीशी टक्कर होऊन बुडाली, १६८ माणसं गेली, त्यात शाळेच्या सहलीला निघालेली मुलं फार होती. त्यानंतर पुलाची मागणी जोरात उठली. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला या समुद्रावर असं धुकं येतंच. एकदा हवामानाच्या सेटिंगमध्ये धुकं खाली बसवा, ढगाचा थर पाचशे फुटांवर आणा आणि ताकामात्सु बंदरावरून उनोच्या दिशेने निघा. वाटेतली बेटं एकदम समोर येतात, आधी काही नाही आणि मग काळी कडा. रडारच्या पडद्यावर ठिपके बघत एवढ्या गर्दीच्या पाण्यात बोट हाकणं म्हणजे काय असेल, त्याची थोडी कल्पना तिथे येते. हा तुकडा मी पर्यटन म्हणून उडत नाही.

पुलाचं दक्षिण टोक साकाइदेला, तिथे समुद्र भरून केलेली कारखान्यांची जमीन, गोदी, तेलाच्या टाक्या. डावीकडे वळा आणि समोर इइनोयामा, भाताची मूद पाडावी तसा एकटा, गोल, नेटका डोंगर, ४२२ मीटर, लोक त्याला सानुकीचा फुजी म्हणतात. त्याला डाव्या हाताला ठेवून पुढे गेलं की परत तळी सुरू होतात, आणि आता उतरायची तयारी.

उतरताना एक लक्षात ठेवा, रनवे सहाशे फुटांवर आहे, तेव्हा सर्किटची, म्हणजे उतरण्याआधी रनवेभोवती घालायच्या फेरीची, उंची सोळाशेच्या आसपास धरा, समुद्रावर फिरून आल्यावर हजार फूट पुरेसे वाटतात पण ते इथे फार कमी पडतात. दक्षिणेकडून वारा असेल तर डोंगरावरून खाली येणारी हवा शेवटच्या टप्प्यात विमानाला दाबते, पॉवर लवकर कमी करू नका, फ्लॅप (वेग कमी करायला पंखांमागून खाली येणाऱ्या पट्ट्या) पूर्ण टाकायच्या आधी रनवे हातात आलाय याची खात्री करा. पूर्ण फेरी तासाभरात होते, मान्नो-इके धरलं तर थोडी जास्त. पुढच्या वेळी मी आयकॉन ए५ घेऊन जाणार आहे, पाण्यावर उतरणारं विमान, म्हणजे ओगिजिमाच्या उत्तर टोकाला १८९५ चं ग्रॅनाइटचं दीपगृह आहे त्याच्यासमोर पाण्यावरच थांबता येईल आणि तिथून पुढे पश्चिमेला शिवाकू बेटांपैकी पुलापलीकडच्या बेटांकडे, ती यात राहूनच गेली.